मोटारी बंद होत्या तेव्हा

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पाथर्डीकडं खडी फोडायला जायचो. दर रविवारी टेरिलिनच्या शर्टातला एक माणूस तिथं एसटीतून उतरायचा. दोन बाभळींमध्ये रेडिओच्या एरियलसारखी लांबलचक तार बांधायचा, तिला बॅटरीचा डबा जोडायचा आणि कानांना हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचा. चेहऱ्यावर भजनाला बसल्यासारखं समाधान.

एकदा हौसेनं त्यानं हेडफोन माझ्या आईच्या कानांना लावला. आत मोहरी तडतडावी तसा आवाज.

"लांब कुठंतरी विजा चमकताहेत, बाई. त्यांचा आवाज आहे हा."

"मंग तितं पाऊस पडत असंल?"

"असेल की! एरवी तुमच्या विहिरींवरच्या मोटारींची घरघर या तारेत शिरते, काही ऐकू देत नाही. यंदा सगळ्या बंद. अशी शांतता नशिबानंच मिळते!"

आईनं हेडफोन काढून त्याच्या हातात ठेवला.

"सायब, दुसऱ्याच्या चुलीवरची फोडनी उपाशी मान्साला आयकवू न्हाई," म्हणाली आणि हातोडा उचलला.

तो मनापासून हसला.

माणूस वाईट नव्हता म्हणतात. नसेल.

पुढच्या साली विहिरींना पाणी आलं, मोटारी घरघरल्या. रविवारच्या एसटीतून तो पुन्हा कधी उतरला नाही.