जायफळाचा वास

दसऱ्याला आमच्या घोडीचा थाट काय विचारता! वरातीची घोडी ती, पंचवटीतलं आमचं घरच तिच्यावर चालतं. सासरे सकाळी तिला न्हाऊ घालतात, झेंडूचा हार घालतात, कुंकू लावतात आणि नैवेद्याचा घास देतात. एकच. त्या बाबतीत भारी कडक.

त्या वर्षी माझी आई त्र्यंबकहून पहिल्यांदाच सणाला आली. एरवी कुणाबरोबर तरी पुरणपोळ्या पाठवायची, या वेळी मोठा डबा स्वतःच घेऊन आली. तिच्या पुरणात जायफळ अंमळ जास्तच असतं. धाकटा दीर डबा बघून म्हणालाच, "चला, आज सगळे गाढ झोपणार!" सगळे हसले. मीही हसले. आईसुद्धा हसली. जेवताना सासूबाईंच्या पोळ्या वाढल्या गेल्या, आईचा डबा ओट्यावर तसाच राहिला.

दुपारी अंगणातून सासऱ्यांची हाक आली. घोडी सारखी मान वळवून पोटाकडे बघत होती, पायानं माती उकरत होती. बघता बघता धाडकन आडवी झाली आणि लोळायला लागली.

जनावरांचे डॉक्टर आले. "काय खाल्लंय हिनं?"

"रोजचंच. गवत आणि भरडा," सासरे म्हणाले.

आई तुळशीपाशी पदर तोंडाला लावून उभी होती.

"घोड्याला उलटी होत नाही," डॉक्टर म्हणाले. "जठर फुगून फुटलं, तर मग कुणाच्याच हातात काही नाही." त्यांनी घोडीच्या नाकातून लांब नळी आत सरकवली, दुसरं टोक बादलीत सोडलं. पिवळं, पातळ पुरण बादलीत पडायला लागलं आणि अख्ख्या अंगणात जायफळाचा वास सुटला.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी आईवर सगळ्यांदेखत ओरडले. तिनं मान खाली घातली.

डॉक्टरांनी औषध दिलं. लीद पडली तर वाचली, म्हणाले. सासरे आणि दीर आळीपाळीनं घोडीला फिरवत राहिले. संध्याकाळी शेजारचे आपट्याची पानं घेऊन सोनं द्यायला यायला लागले, आणि आम्ही सगळे डोळे लावून बसलोय घोडीच्या शेपटीकडे! शेवटी शेपूट वर झाली. "पडली, पडली!" सासऱ्यांनी सोनं घ्यायचं सोडून शेजाऱ्यांना आधी लीद दाखवली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि आईला म्हणाल्या, "बसा हो आता, चहा टाकते."

आई बसली नाही. तिनं पिशवी भरली. मी तिला स्टँडवर सोडायला निघाले. रिक्षात ती रिकामा डबा मांडीवर धरून बसली होती.

"अगं, सगळ्याच्या सगळ्या कशाला घातल्यास?"

"एकच घालणार होते. तिनं पुन्हा तोंड पुढं केलं." आई बाहेर बघत म्हणाली, "लय आवडीनं खाल्ल्या गं तिनं. नावं नाय ठेवली."

जायफळाची ती चेष्टा आमच्या घरात पहिल्यांदा मीच केली होती. नवी नवरी होते, सगळ्यांना हसवायचं होतं.