अकरा वेळा तिखलं

मला पसारा बघवत नाही. आईच्या पाककृती म्हणजे तर पसाऱ्याचा कळस. बँकेच्या कॅलेंडरचं पान महिना सरला की फाडायचं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं, ही तिची पद्धत. मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरातला एक अख्खा खण त्या कागदांनी भरला होता. पंधरा दिवसांपूर्वी एका रविवारी मी चंगच बांधला. एकेका पानाचा फोनवर फोटो काढला, गोडाचं, माशांचं, उपासाचं असे फोल्डर केले आणि सगळं आईच्या टॅबवर चढवलं.

बांगड्याचं तिखलं अकरा पानांवर निघालं. ॲप विचारत होतं, हे सारखंच दिसतंय, काढून टाकू का?

"अगं, अकरा वेळा तिखलं? परीक्षेला बसतेयस का?" मी आईला चिडवलं.

"असांदे गो. टाकू नको," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

मी त्यातलं सर्वांत सुटसुटीत पान ठेवलं, बाकीची दहा डिलीट केली. संध्याकाळी सगळे कागद रद्दीत गेले. रिकामा खण पुसताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी मी पवईला ऑफिसात असताना आईचा फोन आला. "माझे कागद खय ठेवलंस?" तिला तिखलं करायचं होतं. पोरवयापासून मासे रांधणाऱ्या बाईला तिखल्याला कागद कशाला हवा?

"टॅबवर आहे ना सगळं! दोनदा दाखवलं तुला," मी खेकसले आणि फोन ठेवला.

घरी आले तेव्हा बांगडे ओट्यावर तसेच पडले होते, त्यांना वास सुटला होता. आई बंद टॅब मांडीवर घेऊन बसली होती. तिने चहासुद्धा केला नव्हता.

डिलीट केलेलं महिनाभर फोनमध्ये राहतं. मी ती दहा पानं परत काढली. कागदातून पलीकडचा महिना आणि साल उलटं दिसत होतं, त्यावरून अकराही ओळीने लावली. सर्वांत जुन्या पानावर चारच शब्द होते, बांगडे, तिरफळं, मिरची, सोलं. मी ठेवलं होतं ते नेमकं हेच. पुढच्या पानांवर हळद आली, मीठ आलं, पाणी किती वाट्या ते आलं. मग शेवटी 'गॅस बंद कर' आलं. पुढे ते दोनदा, मग तीनदा. यंदाच्या पानावर 'बंद झाला का परत बघ'. त्याच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लेकीला विचारू नको. चिडते.'

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. सगळ्या पानांच्या प्रिंट काढून आणल्या, खणात ठेवल्या. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. आईला ऑफिसातून रोज दुपारी फोन करते आणि ती उचलेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

आज सकाळी निघताना ओट्यावर नवं पान दिसलं. गेल्याच महिन्याचं, ताजं फाडलेलं. वर 'तिखलं' लिहिलं होतं आणि खाली एकच ओळ, 'गॅस पेटव.' त्यापुढे कागद कोरा होता. मी उलटून बघितला, तिथे नुसत्या तारखा होत्या.

"अजून गेलंस नाय?" आईने आतून विचारलं.

मी पायातल्या चपला काढल्या.