डब्यातले बाबा

हे सांगताना अजूनही माझे कान गरम होतात. पण चहा आलाच आहे, तर ऐका. मूर्खपणा सगळा माझा, दुसऱ्या कोणाचा त्यात कपभरही वाटा नाही!

मी विजय. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. कुठलंही मशीन अडलं की सगळे मलाच हाक मारतात. माझी अक्कल बिघडली ती त्या हाकांनीच.

आमचे बाबा भिवापूरकडे मिरची लावायचे. दोन वर्षांपूर्वी टीव्हीवाले शेतात येऊन त्यांची मुलाखत घेऊन गेले. ती लागली त्या दिवशी मी आमच्या डिशच्या रेकॉर्डरवर भरून ठेवली. सतरा मिनिटं. मागच्या हिवाळ्यात बाबा गेले.

माझी मोठी बहीण, शीलाताई, नेपाळात लुंबिनीला असते. भाऊजींचं तिथे यात्रेकरूंसाठी लहानसं लॉज आहे. बाबा गेले तेव्हा ताईचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. तिला शेवटचं पाहायलाही येता आलं नाही. त्यानंतर फोनवर तिचं एकच, "विजय, मले एकदा बाबांचा आवाज ऐकव गा."

मी म्हटलं, "आवाज काय वं ताई, अख्खे बाबा घेऊन येतो!"

आणि निघालो! रेकॉर्डरचा डबा टीव्हीखालून काढला, धूळ लागू नये म्हणून बाबांच्याच पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळला, वरून घट्ट गाठ मारली. रेल्वेत मांडीवर, बसमध्ये मांडीवर. असा सोनौलीच्या सीमेवर पोहोचलो.

नाक्यावरच्या साहेबानं विचारलं, "इसमें क्या है?"

दोन दिवस धड झोप नाही. मनात जे होतं तेच तोंडातून निघालं. "बाबा हैं, साहब."

"क्या?"

"मेरे पिताजी. दीदी आखरी बार देख नहीं पाई ना, इसलिए लेके जा रहा हूँ."

त्यानं दुपट्ट्याकडे पाहिलं. गाठीकडे पाहिलं. मग हळूच डोक्यावरची टोपी काढली. "जाइए भैया. संभाल के."

मला काय वाटलं माहिती आहे? वाटलं, वा! किती सज्जन माणूस!

पुढे लुंबिनीच्या बसमध्ये कंडक्टरनं उभ्या माणसांना बाजूला सारून मला पुढची सीट दिली. तो माझ्या मागे नाक्यावरच उभा होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. शेजारच्या म्हातारीनं पिशवीतून झेंडूची दोन फुलं काढून डब्यावर ठेवली आणि हात जोडले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सगळे लोक त्या डब्यात अस्थी आहेत असं समजून राहिले!

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी "आजी, हा टीव्हीचा डबा आहे" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

म्हातारीनं विचारलं, "कितने साल के थे?"

"चौहत्तर," मी म्हणालो. आणि रडू फुटलं हो! नाटक नव्हतं ते. बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ माझ्यावर होती, रडायला सवडच मिळाली नव्हती. ती सवड मला त्या बसमध्ये मिळाली, तीही खोट्या अस्थी मांडीवर घेऊन. म्हातारी उतरेपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मी तिला खरं सांगितलं नाही. ते अजून टोचतं मला.

ताईच्या घरी पोहोचलो. ती टीव्हीसमोर चटई टाकून, नवी साडी नेसून बसली होती. मी भाऊजींच्या छतावरच्या डिशची वायर डब्याला जोडली. पडद्यावर आलं, सिग्नल नाही. रेकॉर्डिंग उघडेना.

"त्याले भारतातला उपग्रह पाहिजे ना, ही डिश इथल्या उपग्रहाकडे हाये," भाऊजी म्हणाले. "उद्या डिशवाल्याले बोलावतो. तो फिरवून देईल."

डिशवाल्याला? मी असताना? "भाऊजी, मशीन अडलं ना, की रीसेट मारायचं. चालते!"

मेनूत शिरलो. रीसेट सापडलं. पडद्यानं इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. मी वाचतो कशाला? ओके दाबलं. पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा दाबलं.

डबा बंद झाला, चालू झाला. कोरा करकरीत. यादीत एकही रेकॉर्डिंग नाही.

"काहून थांबला?" ताईनं विचारलं.

"ताई... बाबा पुसले गेले वं माझ्या हातून."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हिनं एक थोबाडीत मारावी, म्हणजे बरं वाटेल. शेवटी म्हणाली, "तू पाह्यलं होतं ना? सांग मंग. काय म्हणत होते?"

पाह्यलं होतं? बाबा गेल्यापासून रोज पाहत होतो! मी मांडी घातली आणि सुरू झालो. "मिरची म्हणजे लेकरू हाये साहेब. पाणी जास्त झालं तरी रुसते, कमी झालं तरी रुसते." मध्येच त्यांना आलेला ठसका, तोही दिला. "माही पोरगी दूर देशात रायते. तिले तिथली मिरची पुरत नाही. मी हाओ तोवर तिले मिरची इथूनच जाईल."

ताई हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. शेवटापर्यंत आलो तर म्हणे, "आणखी एकदा."

तेवढ्यात भाऊजींनी मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. "थांब, थांब! शूटिंग करून ठेवतो. कायमचं राहील तिच्याजवळ."

मी त्या मोबाईलकडे पाहिलं. मग हात आपोआप माझ्या शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथेही एक मोबाईल होता. नागपूरहून इथपर्यंत तिथेच होता. घरी रोज टीव्हीसमोर बसून बाबांना पाहायचो, तेव्हाही तिथेच असायचा!

"काय झालं गा?" ताईनं विचारलं.

"काही नाही वं," मी म्हणालो. "आत्ता एक आयडिया सुचली."