दावीदच्या गळ्यातला दोरा

कात्री मीच आणून दिली होती.

दहा वर्षांची होते. रविवारची उपासना चाललेली. सायमन मास्तर म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. ते पुढं उभे राहून म्हणाले, "संडेस्कूलच्या पेटीतली कात्री कोण आणतंय?" मी हात वर केला. नाताळ जवळ आला होता, मला वाटलं रंगीत कागद कापायचे असतील. एवढ्या पोरांतून मास्तरांनी मला निवडलं, याचाच लई आनंद. कात्री दिली आणि सतरंजीवर येऊन बसले.

मग त्यांनी माझ्या मायला नाव घेऊन पुढं बोलावलं. तिच्या कडेवर माझा धाकटा भाऊ दावीद. तीन वर्षांचा, तापानं फणफणलेला. मास्तरांनी त्याच्या सदऱ्यात बोट घातलं आणि गळ्यातला काळा दोरा सगळ्यांना दिसेल असा वर ओढला.

"बघा! येशूला सोडून ही बाई दर्ग्यातून दोरा बांधून आली. किती धुतलं तरी मांगवाड्याचा वास जात न्हाई."

कचकन दोरा कापला. दावीद भिऊन मुतला. मायच्या लुगड्यावरून ओघळ खाली आला. पुढच्या खुर्चीवरची एक बाई नाकाला पदर लावून हसली.

"वर्षभर हिला प्रभुभोजन न्हाई."

म्हणजे प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकरी मायला वर्षभर बंद.

आमच्या चर्चमध्ये खुर्च्या मास्तरांच्या भावकीला, सतरंजी आम्हाला. ते काही आभाळातून पडले नव्हते. त्याच मांगवाड्यातले. पण त्यांच्या आजानं आधी बाप्तिस्मा घेतला, पोरं बोर्डिंगात शिकली, नोकऱ्या लागल्या. मग मागून आलेल्या आमची त्यांना घाण वाटायला लागली. गावातल्या पाटलानं त्यांच्या आजाला जसं वागवलं, तसंच त्यांनी आम्हाला वागवलं. देवाच्या घरात. बायबल हातात धरून.

मायचं चुकलं होतं. ते मी झाकत न्हाई. आठ दिवस लेकराचा ताप हटत नव्हता, शेजारीण चल म्हणाली, ती गेली. पण त्या आठ दिवसांत मंडळीतलं एक माणूस आमच्या दारात प्रार्थनेला आलं नव्हतं. दोरा मात्र सगळ्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशी मायनं दावीदला कंधारला दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, ताप उतरला. पुढच्या रविवारी मास्तरांनी साक्ष दिली, दोरा कापला आणि लेकरू बरं झालं, हालेलुया! वा रे मास्तर!

वर्ष सरलं तरी माय आत गेली न्हाई. दर रविवारी यायची आणि बाहेर लिंबाखाली, चपलांशेजारी बसायची. गाणी तिथूनच म्हणायची. आज बावीस वर्षं झाली, अजून तिथंच बसते.

मी नांदेडला नर्सिंग शिकले. आता कंधारला नोकरी करते. मागच्या वर्षी मंडळीच्या कमिटीवर मला घेतलं. सतरंजीवरची पहिली बाई. मायला सांगितलं, तर म्हणाली, "खुर्चीवर नीट बस."

या पावसाळ्यात मास्तरांचा नातू आजारी पडला. मास्तरांची सून रूथ, तिनं पोराच्या दंडाला काळा दोरा बांधला. कुणीतरी बघितला. कमिटी बसली. मास्तर आता ऐंशीचे. त्यांनी स्वतःच बायबल उघडलं. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात गाठून समजवावं, ते वचन वाचलं.

"लेकराची माय हाय. घाबरली. आपसात मिटवू, बभ्रा कशाला?"

सगळ्यांनी माना हलवल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मास्तर, हे वचन बावीस वर्षांमागं बायबलात न्हवतं का?"

मग मास्तर म्हणाले, "तुमच्या लोकाला दहशतीबिगर कळत न्हवतं."

हेच शब्द. मी सांगताना एक इकडचा तिकडं केलेला न्हाई.

खोटं कशाला बोलू? मला वाटलं, रूथला पुढं उभं करावं. खुर्च्यांसमोर. कात्री मीच धरावी. मनात तिला दहादा उभी केली मी. तशीच तिच्या घरी गेले, एकटी.

मला बघून तिनं पोराचा दंड पदराखाली झाकला.

"ताई, कापायला आलात?"

तिचं ते तोंड बघितलं आणि माझा सगळा आवेश गळाला. माय अशीच उभी होती.

"न्हाई. ताप बघायला आले."

ताप बघितला. दवाखान्यात कधी न्यायचं ते सांगितलं. दोघींनी प्रार्थना केली. दोऱ्याचंही बोलले, गिळून टाकलं न्हाई. "भ्यालीस म्हणून तिकडं गेलीस. पुन्हा भ्यालीस तर मला हाक मार." ती लई रडली. तीन दिवसांनी दोरा तिनंच सोडला.

त्याच दिवशी रूथच्या घरून मी थेट मायकडं गेले होते. ती तांदूळ निवडत बसली होती.

"माय, त्या दिवशी कात्री मी आणली होती."

तिनं मान वर केली न्हाई. "म्हाईत हाय. पळत गेली होतीस."

बावीस वर्षं तिनं हे पोटात ठेवलं होतं. मी तिचे पाय धरले, माफी मागितली. तिनं पाय मागं घेतले.

"तू लहान होतीस. खुर्चीवरचे लहान न्हवते."

या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माझ्यापुढं आलं. मी उभी राहिले.

"मी घेणार न्हाई. त्या दिवशी ज्यांनी बघितलं आणि गप बसले, त्यांनी एकेकट्यानं माझ्या मायच्या दारात जायचं. एकांतात. वचनात हाय तसं. आमचं चुकलं म्हणायचं. मास्तर, पहिले तुम्ही."

"लई झालं," मास्तर ओरडले. "बाहेर जा, बस तुझ्या मायपाशी चपलात!"

दार उघडंच होतं. लिंबाखाली मायनं गाणं थांबवलं होतं.

अजून तिच्या दारात कुणी गेलेलं न्हाई. ताट दर महिन्याला येईल. मी दर महिन्याला उभी राहीन आणि हेच बोलीन. भाकरी घेणार न्हाई, कमिटी सोडणार न्हाई. त्या दिवशी मी बाहेरही गेले न्हाई.

खुर्चीवर बसले. नीट.