बाळराजाच्या भेटीला फुलसावंगीकडे

लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर बागकाम करतात, देवधर्म करतात. आमच्या ह्यांनी रोमचा एक राजा दत्तक घेतला. तोही पोरसवदा, नऊ-दहा वर्षांचा. बापाने गादी बळकावली, लेकाच्या डोक्यावरही मुकुट चढवला, आणि वर्षभरातच दोघेही मारले गेले. नाव इतकं लांबलचक की मी त्याला बाळराजाच म्हणते. राज्य औटघटकेचं, म्हणून नाणीही मोजकी. ह्यांच्याकडे त्याची चार-दोन झिजकी तांब्याची नाणी आहेत, पण चांदीचं एकही नाही. त्याच्यासाठी अल्बममध्ये एक खण कित्येक वर्षं रिकामा ठेवलेला आहे. घरात पाहुण्यांना गादी पुरत नाही, पण बाळराजाची जागा राखीव.

विमल माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात परिचारिका आहे, मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. एकदा घरी जेवायला आली, तेव्हा तिने भावाच्या लग्नाचे फोटो दाखवले. मी साड्या बघत होते आणि हे तिच्या आईच्या गळ्यातला रुपयांचा हार. इंग्रज राण्या-राजांच्या रांगेत एक काळपट नाणं होतं, त्यावर एका मुलाचं तोंड. हे ताट तसंच टाकून उठले. विमल सुट्टीवर गावी गेली, तेव्हा हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्हीही तिच्या मागोमाग यवतमाळच्या बसस्थानकावर उतरलो. त्याआधी ह्यांनी फोनवर तिला दहादा बजावलं होतं, "आईंना सांग, नाण्याला हातसुद्धा लावू नका. काळं असू दे, मळकं असू दे." जुन्या नाण्याचा काळेपणा घासला की जाणकारांच्या लेखी ते नाणं मेलं म्हणे. माझी तांब्याची भांडी ह्यांच्या तावडीतून कशी सुटली, देव जाणे.

तर्रीपोहे खाऊन आर्णीमार्गे जाणारी एसटी पकडली. तर्रीने ह्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस होता, आणि मालट्रकांतून उडालेला कापूस बाभळींना अडकला होता. वाहकाने विचारलं, "काका, फुलसावंगीले कायले चालले?"

"एक नाणं बघायला," हे म्हणाले.

"नाणं? इथं भाजीवालाबी मोबाईलवर पैसे घेऊन राह्यला, अन् तुम्ही नाणं पाहाले चालले."

ह्यांनी त्याला समजावण्यासाठी भिंग काढलं. मग ते भिंग अख्ख्या एसटीत फिरलं. कुणी बोटातला काटा पाहिला, कुणी औषधाच्या बाटलीवरची तारीख. महागावला उतरलेल्या एका आजोबांबरोबर ते उतरूनही चाललं होतं, पण हे खिडकीतून असे ओरडले की आजोबांनी घाबरून परत दिलं.

फुलसावंगीत विमल ऑटो घेऊन उभी होती. तिचा तांडा (बंजारा वस्ती) तिथून जवळच. तिची आई सोनीबाई आमच्यासाठी आरशांचा फेटिया (घागरा) नेसून दारात उभी. आल्या आल्या पाटावर बसवलं आणि बाटी (भाकरी), सोल्यांची म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी आणि ठेचा वाढला. इतकी चवदार भाजी मी वर्षानुवर्षं खाल्ली नव्हती. ह्यांचे डोळे कोपऱ्यातल्या पेटीवर. खिशात मखमली डबीत एक नवंकोरं चांदीचं नाणं होतं. हारात ते ओवायला द्यायचं आणि बदल्यात बाळराजा मागायचा, हे भाषण ह्यांनी साताऱ्यापासून घोटलं होतं.

सोनीबाईंनी हार काढला आणि माझे डोळेच दिपले. एकेक नाणं लखलखत होतं.

"घासलं?" ह्यांचा आवाज खोल गेला.

"मंग? पाहुणे इतक्या दुरून येऊन राह्यले. राख लावून, चिंच लावून घासला."

"सर, मी हिला सांगितलं होतं," विमल रडवेली झाली.

"सांगतलं होतं का हात लावू नको म्हनून," सोनीबाई माझ्याकडे बघून हसल्या. "मी म्हटलं, मोठे लोक हायेत, आम्हाले तरास नको म्हनून म्हनत असतीन. म्हनून काय मळका हार दाखवाचा?"

मला हसू आवरेना. ह्यांचं तोंड मात्र पाहवत नव्हतं. तरी भिंग लावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग हळूच म्हणाले, "तोच आहे गं." नाणं खरं होतं, आणि चांदीचं. वर एक भोकही होतं, पण ते नेमकं डोक्याच्या वर पाडलेलं. बाकीचे राजे हारात आडवेतिडवे लटकत होते, हा एकटा मान ताठ ठेवून समोर.

"याला एवढं सरळ का ओवलंय?" ह्यांनी विचारलं.

"तो देवला हाये," सोनीबाई म्हणाल्या. "देवला म्हंजे माह्या सासूच्या आजेसासूचं लेकरू. तवा आमचे लोक बैलांवर मीठ लादून गावोगाव नेत. वाटेत पोरगं तापानं गेलं. तांडा कोनासाठी थांबत नाही. तिथंच पुरलं अन् पुढं निंघाले. ते जागा मंग कोनालेच सापडली नाही. पुढं त्या बाईले कुठं तरी हे पोराचं तोंड भेटलं. तिनं गळ्यात घातलं. तवापासून सासू गेली का सुनेच्या गळ्यात देवला जाते. वाकडा कसा टांगाचा त्याले?"

 मग त्यांनी ह्यांना विचारलं, "तुमाले हा कोन वाटला?"

ह्यांनी सांगितलं. नेहमीसारखं व्याख्यान नव्हतं ते. लहान मुलगा होता, बापाने राजा केला, शत्रू आले, पळून जाताना पकडलं आणि मारलं.

"अन् त्याची माय?"

नाण्याचं वजन, धातू, टांकसाळ, सगळं ह्यांच्या जिभेवर असतं. पण आता ह्यांनी भिंग खाली ठेवलं. "तिचं मला नाही माहीत, याडी," हे म्हणाले. विमल आईला हाक मारते, तोच शब्द आपसूक आला.

"रडली असन," सोनीबाई म्हणाल्या आणि हार ह्यांच्या हातात दिला. "घ्या थोडा वेळ." हे तो ओंजळीत धरून बसले.  खिशातली डबी निघालीच नाही.

परतीच्या एसटीत हे खिडकीशी बसले. मी खूप चिडवून पाहिलं, भिंगावरून, ठेच्यावरून. आर्णी गेल्यावर एकदाच म्हणाले, "त्याच्या आईबद्दल मी कधी शोधलंच नाही गं."

इतकी वर्षं मी त्या पोराला सवत समजून हिणवत आले. एवढ्या लांब जाऊन तो भेटला तो कुणाचा तरी लेक म्हणून, आणि आता त्याला नावं ठेवायला माझीही जीभ रेटत नाही.

साताऱ्याला पोचलो त्याच संध्याकाळी ह्यांच्या नाणेवाल्या मित्राचा फोन आला. "काय, सापडला का तुमचा पोरगा? आणलात?"

"सापडला," हे म्हणाले. "त्याच्या घरी आहे तो."