रिकाम्या पडव्या

तानसाकडच्या आमच्या पाड्यात चौदा घरं. पाळी आलेली बाई चार दिवस पुढच्या पडवीत गोणपाटावर बसते, त्यामुळे कोण बाहेर आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतंच. मी इथली आशा सेविका. माझ्या वहीत बायकांच्या तारखा असतात. वही आणि पडव्या सहसा जुळायच्या.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत घरोघरी ताप येऊन गेला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी टोकाच्या घरातल्या सासूने मला बोलावलं. तिचा मुलगा वाशिंदच्या कारखान्यात, तीन महिने तिकडेच अडकलेला. सून दाराशी उभी होती.

"दोन महिने ही बाहेर बसली नाय," सासू म्हणाली. "पोरगा तिकडं. मग हे कुणाचं? आजच बापाकडं धाडते हिला."

"ताई, मी कुठं गेलीच नाय वो. तापानं उठवत नव्हतं."

मी सुनेची लघवी पट्टीवर तपासली. एकच रेघ, म्हणजे दिवस गेलेले नाहीत. सासूला दाखवली.

"पट्टी तुझी, तू तिची. मला नको शिकवू."

वहीत नऊ जणींच्या तारखा उलटून गेल्या होत्या. पण ती वही कुणाला वाचून दाखवायची नसते. मी म्हटलं, "मावशी, चला, पाड्यातून एक चक्कर मारू."

भर दुपार होती. पहिली पडवी रिकामी. दुसरीही. गोणपाटं गुंडाळून वाशाला खोचलेली, काहींवर कोळ्याने जाळं धरलेलं. एरवी दोघी-तिघी तरी बसलेल्या असत, लांबूनच हाका मारत. आज सगळ्या आत. आम्ही पुढे गेलो की मागे दारात एकेक येऊन उभी राहायची.

"एकबी नाय गो," सासू पुटपुटली. "कुणी करणी केली काय?"

"ताप, मावशी. मोठं आजारपण झालं की पाळी पुढे जाते कधी कधी. येईल परत."

दुसऱ्या टोकाचं शेवटचं घर सासूच्या विधवा लेकीचं. तिथवर न्यायचं मी ठरवलं नव्हतं, पण रस्ता तिथेच संपतो. त्या पडवीतही कुणी नव्हतं. सासू वाशाला खोचलेल्या गोणपाटाकडे बघत राहिली.

लेक बाहेर आली. "आये, काय बघतेस?"

"काय नाय." सासूने हात वर करून गोणपाटावरचं जाळं पुसलं. "वहिनी तापानं अशक्त हाय अजून. तिच्यासाठी दोन भाकऱ्या टाक. मी घेऊन जाते."