शनिवारसाठी राखलेली फुलं

मालिनेओ फाटकातच थांबली. डोक्यावरचं गाठोडं तिनं उतरवलंच नाही.

आम्ही बायका झाडू टेकवून उभ्या होतो, शाबासकीची वाट बघत. अंगण तळहातासारखं लख्ख. झाडूच्या रेघासुद्धा सरळ.

"बघितलंस?" कुदळीवर रेलून माझी आई म्हणाली. "तू बाजारातून येईस्तोवर उरकलं सगळं. कंबरेएवढं तण माजलं होतं, बाई. पाहुण्यांच्या पायात साप निघाला असता."

"कसलं तण?"

"तेच गं. मक्यात माजतं ते गुलाबी."

मालिनेओ गाठोड्यासकट खाली बसली.

आम्हाला काही कळेना. आमच्या दक्षिण आफ्रिकेतल्या फ्री स्टेटात हा गुलाबी फुलांचा कॉसमॉस रस्त्याकडेला, शेतात, हवा तिथं उगवतो. त्याचं बी कुणी पेरतं का? हिनं पेरलं होतं. शनिवारी तिच्या नवऱ्याच्या थडग्यावर बसवलेल्या नव्या दगडावरचं कापड सगळ्यांसमोर उतरवायचं होतं, आणि मरताना तो, रालिनेओ, तिला एवढंच म्हणाला होता, प्लॅस्टिकची फुलं नकोत. म्हणून तिनं रांगा धरल्या, शेंडे खुडले, येता-जाता दांडे कापत राहिली; कापलं की झाड आणखी फुटतं. हे सगळं तिनं आत्ता, जमिनीवर बसून सांगितलं. त्याआधी कुणाला नाही. आणि आम्ही दफनमंडळाच्या, एकमेकींच्या मयताला धावणाऱ्या बायका, मदतीला काही बोलावण्याची वाट बघत नाही.

"मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली.

आईनं कुदळ खाली ठेवली.

"कुठं टाकलीत?"

सगळ्याजणी आपापल्या झाडूकडे बघायला लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, आमच्या डुकरांना."

ती कात्री घेऊन धावली. निम्मी तर चिवडून झाली होती. डुकरांच्या वाड्यात उभी राहून ती धड दांडे निवडत होती, तिरपे कापून, खालची पानं ओरबाडून बादलीत गळ्यापर्यंत बुडवत होती. आई चिखलात गुडघे टेकून कळ्या वेचत होती.

"ही चालेल?" आईनं विचारलं.

"रंग दिसतोय ना? उमलेल."

"आणि ही?"

"ती चघळलेली आहे, मापुलेंग."

जेमतेम बादलीभर निघाली.

शनिवारी दगडावरचं कापड उतरलं. मालिनेओनं फुलं वाहिली. काहींनी माना टाकल्या होत्या. आई सगळ्यांच्या मागं उभी, हात पाठीशी. फुलं कमी पडतील या धसक्यानं तिनं प्लॅस्टिकच्या फुलांचं चक्र विकत आणलं होतं.

"आण इकडं," मालिनेओ म्हणाली. "ठेव तेही. पण त्याला तू सांगायचंस."

"काय सांगू?"

"फुलं कमी का, ते."

आमच्यात गेलेल्या माणसाशी खोटं बोलत नाहीत. आईनं खांद्यावरचं ब्लँकेट सावरलं, वाकली, दगडावर हात ठेवला.

"रालिनेओ, मी मापुलेंग," ती म्हणाली. "कुदळ माझी होती."